येतं, पण सांगता येत नाही

चामराजपेट ही बेंगळुरूतली पहिली आखून वसवलेली वस्ती. 1892 साली ती उभी राहिली आणि म्हैसूरच्या दहाव्या चामराज वडियारांचं नाव तिला मिळालं. तोवर शहर म्हणजे किल्ला आणि त्याला बिलगलेल्या जुन्या पेठा. तिथल्या गल्ल्या बैलगाडीला जशी जागा मिळाली तशा वळलेल्या. पुढे 1898 च्या प्लेगात माणसं हवेशीर जागा शोधू लागली, तेव्हा घाईघाईनं बसवनगुडी आणि मल्लेश्वरम आखली गेली. चामराजपेट त्याआधीची. कुणी मागे लागलेलं नसताना, स्वस्थपणे पट्टी लावून काढलेली. एका दिशेनं मेन रोड, त्यांना काटकोनात छेदणारे क्रॉस रोड. पत्ता म्हणजे दोन आकडे: अमुक मेन, अमुक क्रॉस. नववीच्या पुस्तकात निर्देशक भूमिती येते, ती इथल्या पोस्टमनला सव्वाशे वर्षांपासून येते आहे.

पत्ता इतका सोपा असल्यामुळेच की काय, तो सोप्या रीतीनं कुणीच सांगत नाही. "उमा टॉकीजपाशी या. तिथून सीदा होगी. मग लेफ्ट तगोळ्ळी. एक मेडिकल लागेल. ते नाही, त्याच्या पुढचं." सांगणाऱ्याच्या डोळ्यांपुढे घर स्वच्छ उभं असतं. ऐकणारा मात्र टॉकीजपासून 'सीदा' नेमकं कुठल्या बाजूला, या विचारात तिथेच उभा राहतो.

त्यात आमच्याकडचे रस्ते नावं बदलतात. एके काळी इथे अल्बर्ट व्हिक्टर रोड होता. हा अल्बर्ट व्हिक्टर म्हणजे राणीचा नातू. 1889 मध्ये तो बेंगळुरूला आला, लालबागेतल्या काचघराची पायाभरणी करून गेला आणि रस्त्यावर नाव ठेवून गेला. पुढे त्या रस्त्याला आलूर वेंकटराव यांचं नाव दिलं. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले, टिळकांचं 'गीतारहस्य' कन्नडमध्ये नेणारे, कर्नाटकाच्या एकीकरणासाठी आयुष्य वेचणारे आलूर वेंकटराव. राजपुत्र गेला, देशभक्त आला. पण लोक आधीही 'एव्ही रोड' म्हणत होते आणि आताही 'एव्ही रोड'च म्हणतात. आद्याक्षरांनी जराही तक्रार केली नाही. व्हेरिएबलचं नाव तेच राहतं आणि आतली किंमत बदलते, हे मुलांना समजावताना मला दुसरं उदाहरण शोधावं लागत नाही. रिक्षावाल्याला तर आत कोणती किंमत आहे हे ठाऊक असायचीही गरज नाही. तो बरोबर पोचवतो.

'मुलांना' म्हणजे रविवारी सकाळी आमच्या माडीवर प्रोग्रॅमिंग शिकायला येणाऱ्या आठवी ते दहावीच्या मुलांना. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. गणित म्हटलं की मुलं पळतात आणि कोडिंग म्हटलं की पालक पळत येतात. मी फक्त पाटी बदलली. आतला माल बराचसा तोच आहे.

वर्ग मोठा नाही, पण एका वर्गात तीन बोर्डं बसतात. आयसीएसईची मुलं शाळेत ब्लूजे उघडून जावा लिहितात आणि स्वल्पविरामापेक्षा अर्धविरामाला जास्त घाबरतात. सीबीएसईच्या मुलांकडे पायथन असतं, म्हणून ती अर्धविरामाला घाबरत नाहीत. समासात सोडलेल्या जागेला घाबरतात. राज्य मंडळाच्या शाळेतली मुलं काही न शिकता येतात. त्यामुळे ती कशालाच घाबरत नाहीत आणि सगळ्यांच्या पुढे जातात. भाषांचं विचाराल तर नुसती मराठीच तीन प्रकारची आहे. आयटीच्या नोकरीपायी पुण्याहून आलेल्यांची एक. "येतंय की ओ, मिस" म्हणणारी बेळगावची एक. आणि जुन्या बेंगळुरी मराठी घरांतली एक. शहाजीराजांना 1638 च्या सुमारास बेंगळुरूची जहागीर मिळाली. तेव्हापासून कोण कधी कुठून इथे आलं याचा हिशेब त्या घरांकडे आता नाही, पण आजीशी बोलताना क्रियापद अजून मराठी असतं. मुलं घरी मराठी बोलतात, रस्त्यावर कन्नड, शाळेत इंग्रजी. भांडताना तिन्ही कमी पडतात, तेव्हा मदतीला दखनी येते.

कुठलीही गोष्ट दाखवली की ही मुलं एका सुरात ओरडतात, "गोत्तायतु, मिस!" म्हणजे कळलं. मी म्हणते, "सरि, हेळु." बरं, मग सांग. आणि मग शांतता पसरते.

या शांततेसाठीच मी वर्ग घेते, असं म्हटलं तरी चालेल. त्या पोराला खरंच कळलेलं असतं. तो खोटं बोलत नसतो. त्याला करता येतं, फक्त कसं करतो ते सांगता येत नाही. शाळेनं त्याला दहा वर्षं उत्तरं विचारलेली असतात. गणिताच्या पेपरात रीत लिहिली नाही की गुण कापतात, हे खरं. पण तिथली रीत म्हणजे वहीत पाठ असलेल्या पायऱ्या. स्वतःच्या डोक्यात काय चाललं होतं ते पकडून, दुसऱ्याला जसंच्या तसं करता येईल अशा भाषेत मांडायचं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. कळणं आणि सांगता येणं यांच्यामध्ये एक दरी आहे. प्रोग्रॅमिंगचं सगळं शिक्षण त्या दरीत उतरून पलीकडे चढण्याचं आहे. संगणक लागतो तो शेवटी, पलीकडच्या काठावर.

या विषयाची बहुतेक पुस्तकं चहापासून सुरू होतात. पाणी उकळा, साखर घाला, पत्ती घाला, दूध घाला; झाला अल्गोरिदम. मला या चहाचा कंटाळा आला आहे. एकतर चामराजपेटेत कॉफीच्या गावात बसून चहाचं उदाहरण देणं बरं दिसत नाही. दुसरं म्हणजे चहा चुकतच नाही. पत्ती आधी घातली काय आणि साखर आधी घातली काय, पिणारा पितो. ज्या सूचनेत चूक झाली तरी काही बिघडत नाही, तिच्यातून सूचना द्यायला कोण शिकणार?

म्हणून आम्ही पत्त्यापासून सुरू करतो. गच्चीवर खडूनं चामराजपेट काढायची. उभ्या रेघा मेन, आडव्या रेघा क्रॉस. एका मुलानं यंत्र व्हायचं. त्याला तीनच गोष्टी कळतात: पुढे चल, डावीकडे वळ, उजवीकडे वळ. बाकीच्यांनी त्याला एका घरी पोचवायचं. यंत्र होण्यासाठी मी मुद्दाम दहावीतला सगळ्यात खट्याळ मुलगा निवडते, कारण शब्दशः आज्ञापालन हा खट्याळपणाचा सर्वांत शुद्ध प्रकार आहे. कुणीतरी म्हणतं, "पुढे चल." तो चालू लागतो. चामराजपेट संपते, खडूच्या रेघा संपतात, पाण्याची टाकी येते, तो टाकीला टेकतो आणि जागच्या जागी पाय आपटत राहतो. "अरे, थांब ना!" त्याच्या तीन आज्ञांत 'थांब' नाही. तो निर्विकार चेहऱ्यानं टाकीवर चालतच राहतो. अनंत लूप म्हणजे काय, यावर पुढे व्याख्यान द्यावं लागत नाही.

मग कुणीतरी शहाणी 'एक क्रॉस येईपर्यंत पुढे चल' अशी आज्ञा शोधून काढते, आणि वर्गाला 'येईपर्यंत' हा शब्द सापडतो. पण लगेच दुसरं भांडण निघतं. "उजवीकडे वळ" म्हणजे कुणाच्या उजवीकडे? सांगणारी समोर तोंड करून उभी, तिचा उजवा हात त्याचा डावा. यंत्र अर्थातच स्वतःच्या उजवीकडे वळतं आणि भलत्याच्या घरात शिरतं. शेवटी सांगणारी त्याच्या मागे जाऊन उभी राहते, त्याच्याबरोबर वळते, त्याच्या जागेवरून जग बघते आणि मग आज्ञा देते. मुलांसाठी लोगो ही भाषा 1967 मध्ये तयार झाली. ती करणाऱ्यांपैकी सिमूर पॅपर्ट यांना नेमकं हेच हवं होतं. पडद्यावरच्या कासवाला चौकोन काढायला शिकवायचं, तर आधी आपण कासव होऊन चौकोन चालून बघायचा. पॅपर्ट त्याआधी जिनीव्हात बालमानसशास्त्रज्ञ पियाजेंबरोबर काम करत होते. मूल कसं शिकतं हे आधी आणि यंत्र कसं चालतं हे नंतर, असा त्यांचा क्रम. तो मला पटतो. फक्त आमचं कासव गच्चीवर टाकीला धडका देतं, एवढाच फरक.

एकदा पोचता यायला लागलं की मी विचारते, पोचायच्या वाटा किती? घर तीन मेन पलीकडे आणि चार क्रॉस पुढे आहे. उलटं फिरायचं नाही, वळसा घालायचा नाही. मुलं वही काढून वाटा काढायला बसतात. एकाच्या बत्तीस होतात, दुसरीच्या अडतीस. दोघंही शपथेवर सांगतात की एकही सोडली नाही आणि एकही दोनदा मोजली नाही. खऱ्या वाटा पस्तीस. पण त्या नुसत्या मोजून मिळत नाहीत. मोजणाऱ्याला आपण काय मोजलं हे आठवत नाही आणि त्याला ते कुणाला सांगताही येत नाही.

मग उलट्या बाजूनं विचार करायचा. या कोपऱ्यावर मी आलो, तर कुठून आलो असेन? एकतर मागच्या मेनवरून, नाहीतर अलीकडच्या क्रॉसवरून. तिसरी वाट नाही. म्हणजे त्या दोन कोपऱ्यांवर पोचायच्या जितक्या वाटा, त्यांची बेरीज इथली. निघायच्या कोपऱ्यावर एक लिहायचं. कडेच्या कोपऱ्यांवरही एकेकच, कारण तिथे सरळच यावं लागतं. मग आत दोन, तीन, चार. तीन, सहा, दहा. आणि खडूनं एकेक चौक भरत जायचं. शेवटच्या चौकात पंधरा अधिक वीस, पस्तीस. "मिस, ही तर नुसती बेरीज!" हे ऐकलं की मला माझा पगार मिळतो. पिंगळाच्या छंदसूत्रांवर हलायुधानं दहाव्या शतकात टीका लिहिली, तिच्यात मेरुप्रस्तार म्हणून हेच आकडे रचलेले आहेत. सातशे वर्षांनी ते फ्रान्समध्ये पास्कलच्या हाती आले. आमच्या मुलांच्या हाती ते गच्चीवर येतात आणि दुपारच्या पावसात वाहून जातात.

कॉलेजात असलेला कुणाचा तरी दादा मध्येच येऊन सांगतो की याला सूत्र आहे, एका ओळीत उत्तर येतं. मी म्हणते, फार छान. आता असं समज, दोन मेन आणि दोन क्रॉस ओलांडल्यावर जो चौक लागतो तो खणून ठेवला आहे. हे समजायला बेंगळुरूच्या माणसाला कल्पनाशक्ती लागत नाही. दादाचं सूत्र तिथे खड्ड्यापाशी उभं राहतं. आमची आठवीतली मुलगी काय करते? त्या चौकात शून्य लिहिते आणि पुढची बेरीज चालू ठेवते. उत्तर येतं सतरा. एक चौक खणला की पस्तिसातल्या अठरा वाटा गेल्या. खणणाऱ्यांना आपल्या ताकदीची कल्पना नसावी. सूत्र पाठ असलेला आणि रीत समजलेली, यांतला फरक मला इतक्या थोड्या शब्दांत दुसरीकडे कुठे दाखवता आला नसता.

माझ्याकडे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण. त्यात साठ हजारांच्या आसपास शब्द. एक शब्द सांगायचा आणि तो शोधायला लावायचा. पहिल्या पानापासून सेकंदाला एक शब्द अशा वेगानं वाचत गेलं, तर शेवटचा शब्द सापडायला सोळा तास चाळीस मिनिटं. मध्ये उघडून 'आधी की नंतर' असं विचारत दर वेळी निम्मा कोश बाद केला, तर सोळा वेळा बघून काम होतं. हे गणित सगळ्यांना आवडतं. अडचण पुढेच असते. पुण्याहून आलेल्या, इंग्रजी शाळेतल्या मुलाला 'भ' आधी की 'म' आधी हे ठाऊक नसतं. निम्मा कोश बाद करायचा, पण कुठला निम्मा? त्याला वाचवायला येते ती शेजारची कन्नड मुलगी. तिला मराठी शब्दाचा अर्थ कळत नाही, पण देवनागरी हिंदीमुळे येते आणि वर्णमाला तिच्या भाषेची जवळजवळ तीच. ती कोश असा उघडते की खुद्द मोल्सवर्थसाहेबांनीही मान डोलवावी. यादी आधी क्रमानं लागलेली हवी आणि तो क्रम शोधणाऱ्याला माहीत हवा, ही बायनरी सर्चची अट तिनं मला न विचारता सिद्ध केली.

हे येणं आणि लिहिता येणं यांत मात्र महदंतर आहे. शोधायच्या या रीतीचं पहिलं छापील वर्णन 1946 मधलं. सर्व आकारांच्या यादीवर न चुकता चालणारी आवृत्ती छापून यायला 1960 उजाडलं, असं डोनाल्ड नुथ यांनी नोंदवून ठेवलं आहे. म्हणजे जगातल्या हुशार लोकांना ही साधी गोष्ट नीट सांगता यायला चौदा वर्षं लागली. तेवढ्यावरही भागलं नाही. 2006 मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर केलं की जावाबरोबर येणाऱ्या बायनरी सर्चमध्ये चूक आहे आणि ती अनेक वर्षं तिथे सुखानं नांदत होती. मधली जागा काढायची म्हणून दोन टोकांच्या आकड्यांची बेरीज करून निम्मी करायची, एवढीच ओळ. पण यादी अवाढव्य असली की बेरीज 214 कोटींच्या पलीकडे जाते, जावाच्या पूर्णांकात मावत नाही आणि उलटून ऋण होते. आयसीएसईच्या मुलांना हे सांगितलं की त्यांचे चेहरे उजळतात. ज्या भाषेनं अर्धविरामासाठी आपल्याला छळलं तीही चुकते, यासारखं समाधान चौदाव्या वर्षी दुसरं नाही.

आमच्या वर्गात चूक निघते ती याहून घरगुती. शब्द शोधता शोधता दोनच उरले. मधला कोणता? दोनांत मधला नसतो, म्हणून अलीकडचा धरायचा. हवा तो शब्द त्याच्या नंतर आहे, म्हणून 'इथून पुढे' शोधायचं. पुन्हा तेच दोन, पुन्हा अलीकडचा, पुन्हा इथून पुढे. यंत्र झालेला मुलगा कोशातल्या त्याच शब्दावर बोट ठेवून "नंतर… नंतर… नंतर…" म्हणत बसतो. 'इथून पुढे' म्हणजे 'इथलं सोडून पुढे' असं म्हणायला हवं होतं. माणसाला ते सांगावं लागत नाही. माणूस स्वतःहून सोडतो. आपण आयुष्यभर अर्धं बोलतो आणि उरलेलं अर्धं ऐकणारा भरून काढतो. त्या बिचाऱ्याचे आभार कुणी मानत नाही.

वर्गातल्या एका मुलीच्या आजी पूर्वी मराठी शिकवायच्या. त्या एकदा नातीला पोचवायला आल्या आणि बसून राहिल्या. शून्य आणि एक यांची त्रिकं किती, असं मी फळ्यावर विचारत होते. उत्तर आठ. आजी म्हणाल्या, "हे तर गण झाले." आणि त्यांनी 'यमाताराजभानसलगा' म्हणून दाखवलं. वृत्तं शिकलेल्या प्रत्येक मराठी माणसाला ते पाठ असतं. लघुला शून्य आणि गुरूला एक म्हटलं, की पहिली तीन अक्षरं य गण, एक घर सरकून पुढची तीन म गण, असं सरकत सरकत आठही गण एकेकदा मिळतात. आठ त्रिकं सुटी लिहिली तर चोवीस अक्षरं लागली असती. इथे दहांत भागलं. अशा मालांचा अभ्यास डच गणिती डी ब्राइन यांनी 1946 मध्ये केला आणि त्यांना त्यांचं नाव मिळालं. मेंदूत आठवण ठेवायला जागा कमी म्हणून कुणा अनाम वैयाकरणानं ही बचत केली असणार.

दारात उभे असलेले एक आजोबा लगेच म्हणाले, "बघा, आपल्याकडे सगळं आधीच होतं." मी म्हटलं, होतं खरं. पण आता तीनाऐवजी चार-चार अक्षरांचं असंच करायचं आहे. सोळा चौकड्या, म्हणून एकोणीस अक्षरं लागतील. करता का? आजोबांना अचानक भाजी आणायची आठवण झाली. मुलांनी मात्र केलं. नववीतल्या एकानं एक घर चुकलं तर मागे येऊन दुसरं धरायचं, अशा रीतीनं प्रोग्रॅम लिहिला. जी माळ निघाली तिच्यावर कन्नड आणि मराठी अक्षरं बसवून त्यानं एकोणीस अक्षरांचा एक भयंकर शब्द तयार केला. वर्गात तो आता शिवी म्हणून वापरतात. शिवीत सोळा चौकड्या भरतात की नाही हे आजींनी स्वतः मोजून बघितलं.

या सगळ्यात संगणक कुठे आहे, असं पालक अधूनमधून विचारतात. त्यांना वाटतं तितका तो लागत नाही. भारतातून आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडला जायची वाट ज्या परीक्षांतून जाते, त्यांत झेडआयओ ही कागद-पेन्सिलीची परीक्षा आहे. संगणकाला हात न लावता अल्गोरिदमची कोडी सोडवायची. लिथुआनियात 2004 मध्ये सुरू झालेल्या बेब्रास स्पर्धेतही प्रोग्रॅम लिहायचा नसतो, विचार करायचा असतो. भारतात 2016 पासून चालणारा सीएसपाठशाळा हा उपक्रम यंत्राशिवाय करता येतील असे धडे शाळांना देतो. याचं उलटं टोक मी पाहिलं आहे. 1984 मध्ये केंद्र सरकारनं 'क्लास' नावाचा प्रकल्प काढून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले होते. तेव्हा काही शाळांत त्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. आत पडदे, संगणकावर मखमली आच्छादन, किल्ली मुख्याध्यापकांकडे. मुलं रांगेनं दर्शन घेऊन बाहेर येत. आता 2020 च्या शैक्षणिक धोरणानं सहावीपासून कोडिंग म्हटलं आहे. निदान चपला तरी पायात राहतील.

अलीकडे पालकांचा प्रश्न बदलला आहे. "मिस, आता एआयच सगळा प्रोग्रॅम लिहून देतं, मग शिकून काय करायचं?" याचं उत्तर मी दिलं नाही, एका मुलानं दिलं. गच्चीवर खडू घेऊन उन्हात बसायचा त्याला कंटाळा आला होता. त्यानं फोनवरच्या एआयला विचारलं, नकाशावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत मागे न फिरता जायच्या वाटा मोजायचा प्रोग्रॅम लिहून दे. प्रोग्रॅम क्षणात आला. देखणा होता, चाललाही. उत्तर आलं 129. इकडे गच्चीवर पस्तीस. पोरगं फोनच्या बाजूनं भांडायला लागलं. मी म्हटलं, एकशेएकोणतिसातली एखादी वाट चालून दाखव. त्यानं प्रोग्रॅमला वाटा छापायला लावल्या, खडूच्या रेघांवर उभा राहिला आणि तिसऱ्याच पावलाला चौकोनातून तिरका गेला. "मिस, इथे तर घर आहे!" यंत्राचं काही चुकलं नव्हतं. मध्ये घरं आहेत आणि घरांत माणसं राहतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मुलगा जे गृहीत धरून बसला होता ते सोडून बाकी सगळं यंत्रानं चोख केलं. लिहिणारा बदलला, सांगणाऱ्याचं काम होतं तिथेच राहिलं. उलट वाढलं, कारण पूर्वी प्रोग्रॅम निदान चुकायचा तरी. आता तो आत्मविश्वासानं भिंतीतून जातो.

आमच्या शिकवणीतून किती इंजिनीयर निघतील, मला ठाऊक नाही. या शहरात त्यांची टंचाईही नाही. पण शिकवणीचा एक परिणाम मात्र घरोघर दिसू लागला आहे. आई म्हणते, "बाजारातून चांगली वांगी घेऊन ये." मुलगा जागचा हलत नाही. "चांगली म्हणजे? कोवळी की मोठी? आणि नसली तर काय आणू, की परत येऊ?" वडील म्हणतात, "लवकर घरी ये." मुलगी विचारते, "किती वाजेपर्यंत ते सांगा, आणि उशीर झाला तर काय होईल तेही." आजोबांनी 'जरा पंखा लाव' म्हटलं तर 'जरा' म्हणजे कितव्या आकड्यावर, याची चौकशी होते. आजवर अर्ध्या वाक्यावर चालणारे संसार पूर्ण वाक्यं बोलायच्या सक्तीनं मेटाकुटीला आले आहेत. काही पालक मला भेटून गेले. तक्रार अशी नाही, म्हणाले, पोरांचं गणितही सुधारलं आहे. पण हे प्रश्न कुठे थांबतात, एवढं सांगा. मी त्यांना टाकीला टेकून चालणाऱ्या त्या पोराची गोष्ट सांगितली. तीन आज्ञा दिल्या होत्या, चौथी द्यायची राहिली. ती आता तुमची तुम्हीच शोधा, म्हटलं. आणि सापडली तर रीत लिहून ठेवा, पुढच्या तुकडीच्या पालकांना लागेल.